चार नंबरची पाठ

१

माणसाला पालथं करायला पाच जण लागतात. एक डोक्याशी, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. डोक्याशी जो उभा असतो त्याच्या हातात पेशंटच्या तोंडातली नळी असते, म्हणून आकडे म्हणायचा मान त्याचा. एक म्हटलं की बेडच्या कडेला सरकवायचं, दोनला कुशीवर उभं करायचं, तीनला अलगद पालथं. त्याआधी खालची आणि वरची चादर कडेनं एकत्र गुंडाळून आतल्या माणसाची वळकटी करून घ्यायची. मधेच नळी निसटली तर सगळी मेहनत पाण्यात, आणि माणूसही हातचा जायचा.

वहिनी हे काम सात वर्षं करत होती. आयसीयूत तिला आधी सगळे सिस्टरच म्हणायचे. पण चार दिवसांपूर्वी चार नंबरच्या बेडवर तिचा धाकटा दीर आला, आणि तोंडावर मास्क असतानाही त्यानं "वहिनी, पाणी", "वहिनी, उशी" असा धोशा लावला. तेव्हापासून वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत ती सगळ्यांचीच वहिनी झाली. नात्यातला पेशंट नात्यातल्या नर्सकडे द्यायचा नाही, असा नियम होता. पण पालथं करण्याच्या कामात तरबेज अशा चार नर्सपैकी दोघी स्वतःच आजारी पडून घरी होत्या. मोठ्या सिस्टरनी ड्यूटीचा तक्ता दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडायचं. कबूल?"

"कबूल," वहिनी म्हणाली.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा दीर अकरा वर्षांचा होता. अर्ध्या चड्डीतल्या पोराला सासूबाईंसमोर "अहो भाऊजी, जेवायला चला" म्हणताना तिला हसू यायचं आणि त्याला तर फारच. ती हाक मात्र टिकली. आता तो एकोणचाळीस वर्षांचा होता, त्याचं चष्म्याचं दुकान होतं. लग्न केलं नाही. कारण विचारलं की म्हणायचा, "ओरडायला घरात एक वहिनी पुरेशी आहे."

पाचव्या दिवशी पहाटे त्याच्या घशात नळी घालावी लागली आणि सकाळी दहाला त्यांनी त्याला पालथं केलं. डोक्याशी भूलतज्ज्ञ बाई होत्या. वहिनी डाव्या कमरेशी. तीन म्हटल्यावर तिच्या हातात त्याचं सगळं वजन आलं आणि तिला एकदम वाटलं, अरे, हा केवढा मोठा झाला!

"आज आणि उद्या, दोन्ही दिवस पालथं ठेवू," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या. त्या गोड बोलायच्या नाहीत, आणि म्हणूनच वहिनीचा त्यांच्यावर विश्वास होता. "ऑक्सिजन पूर्ण देऊनही रक्तातला त्याचा आकडा चौऱ्याऐंशीवर आहे. उद्या संध्याकाळपर्यंत तो नव्वदच्या वर टिकला तर हे घरी जातील असं मी म्हणेन. नाही टिकला, तर माझ्याकडे यापुढं काही नाही, वहिनी."

वहिनीनं मान हलवली आणि तक्त्यावर वेळ लिहिली.

२

पालथ्या माणसाचं तोंड दर दोन तासांनी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला करावं लागतं, नाहीतर गालाला जखम होते. त्याच वेळी पाठीवरची चादर वर करून तारा जागेवर आहेत का आणि कातडी धड आहे का, ते बघायचं असतं.

भाऊजी चार दिवस उताणे पडून होते, अंगात ताप होता, त्यामुळं पाठ लालसर झाली होती. अशी लाली दिसली की नर्स तिथं बोट दाबते आणि उचलते. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा लाल होते. लाल झाली की समजायचं, रक्त नीट फिरतंय, काळजी नाही.

बारा वाजता वहिनीनं चादर वर केली. पाठीवर, डाव्या बाजूला बरगड्यांच्या खाली, एक पांढरा पंजा होता.

पाच बोटं आणि तळवा, अगदी स्पष्ट. ती बघत असतानाच तो कडेकडून भरत आला. आधी बोटं गेली, मग तळव्याच्या मधला पांढरा ठिपका. मग नुसती लाल पाठ राहिली.

वहिनी चादर तशीच धरून उभी राहिली. चादरीची सुरकुती, तिनं स्वतःला सांगितलं. सुरकुत्यांचे काय वाटेल ते आकार होतात. पण सुरकुतीला अंगठा नसतो. बरं, कोणाचा तरी हात पडला असेल. पडला असेल तर दोन सेकंदांपूर्वीच पडला असला पाहिजे, कारण खूण त्याहून जास्त टिकतच नाही. आणि दोन सेकंदांपूर्वी चादर पाठीवर होती, आणि चादरीची कड तिच्या हातात.

तिनं बेडच्या दोन्ही बाजूंना बघितलं. उजवीकडे ती स्वतः होती. पंजा ज्या दिशेनं पडला होता तसा ठेवायचा तर माणसाला डावीकडे उभं राहावं लागलं असतं, आणि डावीकडे, पालथं करून झाल्यावर परत सरकवलेला, व्हेंटिलेटर बेडला चिकटून उभा होता. त्या फटीत मांजरही मावलं नसतं. खिडकीतून दुपारचं स्वच्छ ऊन आत आलं होतं. यंत्र एका लयीत हवा भरत होतं आणि सोडत होतं.

आकडा शहाऐंशी होता. दोननं वाढला होता.

३

"माझ्या दिराच्या पाठीला मघाशी कोणी हात लावला होता का हो?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

पलीकडच्या बेडची ड्यूटी ज्याच्याकडे होती त्या ब्रदरनं मान वर केली. "मी नाही बुवा. का? काही झालं?"

"नाही, कातडीवर खूण दिसली."

"तुम्ही सकाळपासून पाणी प्यायलात का?" ब्रदर म्हणाला. "या प्लॅस्टिकच्या पोशाखात घामानं माणसाला काजवेसुद्धा दिसतात. मला काल भिंतीवर माझी शाळा दिसत होती."

वहिनी हसली. बाहेर जाऊन पाणी प्यायली, दोन पेले. मग खाली गेली. बाकावर तिचा नवरा डबा मांडीवर घेऊन बसला होता. चार दिवस तो तसाच बसून होता. डबा उघडलेला तिनं एकदाही बघितला नव्हता.

"कसा आहे?"

"शहाऐंशी."

"म्हणजे बरं ना?"

"चौऱ्याऐंशीपेक्षा बरं."

"अगं, मग असं तोंड का केलंयस?" तो म्हणाला. काय सांगणार? तुमच्या भावाच्या पाठीवर हात उमटतोय म्हणून? तिनं त्याला डबा खायला सांगितलं आणि वर आली.

दोन वाजता पंजा पुन्हा होता, मघापेक्षा चार बोटं वर. या वेळी तिनं तयारी ठेवली होती. तो मिटायच्या आत तिनं स्वतःचा हात त्याच्या वर, न टेकवता, धरला. तिच्या बोटांची टोकं त्या खुणेच्या शेवटच्या पेरापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. आयसीयूत एवढा मोठा हात कोणाचाच नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. सगळ्यांच्या हातमोज्यांची मापं तीच मागवायची.

चार वाजता पंजा खांद्याच्या पात्याखाली होता. सहाला अगदी पाठीच्या मधोमध. आकडा अठ्ठ्याऐंशी.

"पालथं करण्याचा गुण येतोय," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच किंचित हसल्या. "संध्याकाळच्या एक्स-रेमध्ये खालचा भाग मोकळा दिसतोय, डावीकडून वर वर."

वहिनीनं मान हलवली. ड्यूटी संपवून घरी गेली, आंघोळ करून पडली. मन पुन्हा पुन्हा एकाच जागी येत होतं. ज्याला श्वास घेता येत नाही, त्याची पाठ कोणी का दाबेल?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुन्हा पालथं केलं. रात्री उताणं ठेवल्यावर आकडा परत पंचाऐंशीवर घसरला होता. बारापर्यंत तो नव्वदवर आला. पंजाही आला होता. आज तो नुसता पांढरा नव्हता, कातडी किंचित आत गेलेली दिसत होती. कालच्यापेक्षा जोर होता.

दोन वाजता आकडा ब्याण्णव. पंजा मधोमध, आणि आणखी खोल.

वहिनीला आता भीती आवरेना. सात वर्षांत तिनं पुष्कळ बघितलं होतं आणि कशालाही पाठ दाखवली नव्हती. पण हा तिचा भाऊजी होता. औषधानं त्याचे सगळे स्नायू सैल पाडलेले, डोळ्यांना पट्ट्या, तोंडात नळी. त्याच्या पाठीवर साप बसला असता तरी त्याला बोट हलवता आलं नसतं. दाबणारा दाबत होता, आणि तिच्याखेरीज कोणालाच ते दिसत नव्हतं. वर चढणाऱ्या आकड्याचं तिला त्या क्षणी काही वाटेनासं झालं. तो पालथं केल्याचा गुण, बाई म्हणाल्याच होत्या. आणि हा हात त्या गुणावर उठलाय, असं तिच्या मनानं घेतलं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी तिनं चादर कमरेपर्यंत खाली घेतली आणि स्वतःचे दोन्ही तळवे पाठीच्या मधोमध पसरून ठेवले. जागाच ठेवायची नाही. बघू कुठं टेकवतो.

काही झालं नाही. भाऊजींची पाठ गरम होती आणि यंत्राच्या लयीत वरखाली होत होती. तिला बरं वाटलं. लहानपणी ताप आला की हा असाच पालथा पडायचा, ते तिला आठवलं.

मग आकडा एक्याण्णव झाला. एकोणनव्वद. शहाऐंशी.

"बोटाचा चिमटा बघा हो जरा," तिनं ब्रदरला हाक मारली. "सुटला असेल."

चिमटा सुटला नव्हता. त्र्याऐंशी. ब्रदरनं नळीतून कफ ओढून बघितला, काही आलं नाही. यंत्र ओरडायला लागलं. भूलतज्ज्ञ बाई धावत आल्या, नळी तपासली, वाकून उजव्या बाजूला स्टेथोस्कोप लावला, मग डाव्या.

"दोन्हीकडे हवा जातेय. मग झालं काय याला?" त्या स्वतःशीच बोलत होत्या. ऐंशी. "उताणं करावं लागेल. पाच जण हवेत. तुम्ही दोघांना बोलवा, मी औषधं भरून घेते. वहिनी, तुम्ही त्याला सोडू नका."

ब्रदर बाहेर पळाला. बाई पाठमोऱ्या होऊन ट्रॉलीतली औषधं काढू लागल्या. सत्त्याहत्तर. अशा आकड्यावर माणूस उलटवायचा म्हणजे काय, ते वहिनीला माहीत होतं. या अवस्थेत उताणे केलेले तीन जण तिनं बघितले होते. तिघांपैकी एकही घरी गेला नव्हता.

तिला रडू फुटायला आलं होतं आणि तिनं कबूल केलं होतं की इथं रडणार नाही. म्हणून तिनं दुसरं, सवयीचं काम केलं. पेशंट अचानक बिघडला की नर्स मनात तक्ता उघडते आणि विचारते, मघापासून बदललं काय? औषध तेच. यंत्र तेच. नळी जागेवर. दोन चाळीसपर्यंत ब्याण्णव होतं. दोन चाळीसनंतर काय बदललं?

तिनं खाली बघितलं. तिचे दोन हात होते.

५

हात उचलायला तिला किती वेळ लागला ते तिला नंतर सांगता आलं नाही. आकड्यांवरून बघितलं तर फार तर चार सेकंद. पण तेवढ्यात तिनं पुष्कळ भांडून घेतलं. हे वेडेपण आहे. हा थकवा आहे. आणि खरं असेल तर मी माझ्या हातानं भाऊजींना कोणाच्या ताब्यात देतेय?

चौऱ्याहत्तर.

तिनं हात उचलले.

पाठीवर तिच्या दोन लहान तळव्यांच्या पांढऱ्या खुणा राहिल्या आणि भरून आल्या. मग काहीच नव्हतं. नुसती लाल पाठ, ऊन, आणि यंत्राचं ओरडणं. आता काही येणार नाही, तिला वाटलं. मी त्याला हाकलून लावलं. आणि काल दुपारपासून जिच्या नावानं ती घाबरत होती ती गोष्ट आली नाही म्हणून ती आता त्याहून जास्त घाबरली.

"या," ती मास्कच्या आत पुटपुटली. "या ना. चुकलं माझं."

पाठीची कातडी खाली गेली.

आधी मनगटाजवळचा तळवा. मग एकेक बोट, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, सावकाश. बोटांच्या मधली कातडी थोडी फुगून वर आली. यात झटापट नव्हती, घाई नव्हती. बराच वेळ बसायच्या तयारीनं एखादा माणूस ज्या बेतानं टेकतो, तसा तो हात टेकला. त्याच वेळी व्हेंटिलेटरच्या बाजूला, जिथं मांजरही मावलं नसतं, तिथं हवेच्या गादीची कड दबली आणि फुस्स असा आवाज झाला.

वहिनीची नजर त्या पाच खड्ड्यांवर होती. ती मनगटाच्या जागेपर्यंत सरकली आणि तिथं तिनं ती थांबवली. तिथून वर बघायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. बघितलं तर दिसेल, याबद्दल तिला जराही शंका नव्हती.

पंच्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर.

ती एक पाऊल मागं सरकली. चादर हळूच ओढून पाठीवर घातली, झोपलेल्या दोघांवर घालावी तशी. चादर भाऊजींच्या पाठीवर सपाट पडली नाही. मधे उंचवटा राहिला. तो हलत नव्हता.

त्र्याऐंशी. यंत्राचं ओरडणं बंद झालं.

ब्रदर दोघांना घेऊन आत आला. भूलतज्ज्ञ बाई हातात भरलेली सिरिंज घेऊन वळल्या, त्यांनी आकडा बघितला आणि मोकळा हात वर केला.

"थांबा. कोणी हात लावू नका याला."

सगळे थांबले. सत्त्याऐंशी. नव्वद. ब्याण्णववर तो स्थिर झाला आणि स्थिरच राहिला. संध्याकाळी सहाला बाईंनी ऑक्सिजन थोडा कमी करून बघितला, तरीही ब्याण्णव. त्या वहिनीच्या खांद्यावर थोपटून पुढच्या बेडकडे गेल्या.

वहिनी कबूल केल्याप्रमाणे बाहेर गेली. चादरींच्या खोलीत कपाटाला डोकं टेकून पोटभर रडली. मग तोंड धुऊन खाली गेली.

"टिकला," ती नवऱ्याला म्हणाली. "ब्याण्णव. टिकलाय."

त्यानं डब्याचं झाकण उघडलं आणि तिच्यापुढं धरलं. दोघांनी बाकावर बसून गारढोण झालेलं जेवण चाटूनपुसून खाल्लं.

६

पुढं आणखी चार दिवस पालथं करावं लागलं, मग नळी निघाली, आणि तेराव्या दिवशी भाऊजी खाली साध्या वॉर्डात आले. गालफडं बसली होती, आवाज घोगरा झाला होता, आणि तक्रारी पहिल्यासारख्या सुरू झाल्या होत्या. उशी पातळ आहे, शेजारचा घोरतो, डोळ्यांच्या पट्ट्यांनी भुवईचे केस उपटले. वहिनी दुपारच्या सुट्टीत रोज येऊन बसायची आणि ते ऐकायची. तिला त्यातली एकही तक्रार संपू नये असं वाटायचं.

"वहिनी," त्या दिवशी तो म्हणाला, "एक विचारतो. हसायचं नाही."

"विचारा."

"तिथं मला कोणी तरी दाबून धरत होतं. पाठीवर हात ठेवून."

वहिनीनं उशी सारखी केली. "औषधांनी होतात हो असे भास. प्रत्येक पेशंट काही ना काही सांगतो."

"ऐका तरी. मी वर चाललो होतो. वर म्हणजे कुठं, ते मला विचारू नका. छान हलकं वाटत होतं, काही दुखत नव्हतं, आणि हा बाबा सोडायलाच तयार नाही. मी एवढी खटपट केली, अशा शिव्या घातल्या त्याला, की तुमच्यासमोर तोंडातून काढता येणार नाहीत. तो आपला गप्प. नुसता हात ठेवून."

"मग?"

"मग एकदा त्यानं हात उचलला. म्हटलं, सुटलो! तेवढ्यात दुसरेच दोन हात आले. लहान, ऊबदार. पण त्यांच्यात जोरच नव्हता हो. एक हिसका मारला असता तर मी गेलोच असतो." तो थांबून खोकला. "चेष्टा करताय ना मनातल्या मनात?"

वहिनी आपल्या हातांकडे बघत होती. धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली होती.

"ते माझे होते," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं आता हा घाबरेल, किंवा रागावेल, किंवा विचारेल की का.

"वहिनी," तो म्हणाला, "जरा खात-पीत जा हो."

तिला एकदम हसू फुटलं. ते आवरेना, त्यातच डोळे वाहायला लागले, आणि तोही हसत हसत खोकायला लागला तशी शेजारच्या घोरणाऱ्यानं डोळे उघडून दोघांकडे रागानं बघितलं. वहिनीनं त्याला पाणी पाजलं आणि त्याची पाठ चोळली. पाठ आता लाल नव्हती.

"आणि तो?" खोकला थांबल्यावर त्यानं हळूच विचारलं. "तो दुसरा कोण होता?"

"ते मला माहीत नाही."

"मग आता कुठं आहे?"

वहिनीनं घड्याळ बघितलं. सुट्टी संपत आली होती. तिनं उठून गणवेश सारखा केला, आणि वॉर्डातल्या माणसांबद्दल बोलते त्याच साध्या आवाजात म्हणाली, "तो वर आहे, ड्यूटीवर. आज सकाळपासून दोन नंबरच्या बाईंकडे. आकडे चांगले आहेत त्यांचे."